मावळचे पाणी आणि कारखान्यांतील काटकसर

काटकसर हा शब्द आपल्या घरांत जितका परिचित आहे, तितका तो आपल्या कारखान्यांत परिचित नाही. भाताला उकळी आली की झाकण ठेवावे, चुलीवरून एक भांडे उतरताच दुसरे चढवावे, निखाऱ्यांची धग शेवटी दूध तापविण्याच्या कामी लावावी, हे आपल्या आज्या-पणज्यांस कोणत्याही शाळेत शिकावे लागले नाही. परंतु ज्या भट्टीत एका वेळी कित्येक टन पोलाद वितळते, तिचे तोंड दिवसातून किती वेळ विनाकारण उघडे राहते, याची चौकशी करणारा माणूस अनेक कारखान्यांत शोधूनही सापडत नाही. घरातील गृहिणीची दृष्टी कारखान्यात गेली तर काय होईल, आणि त्या गोष्टीशी आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा लेख आम्ही तुंगार्लीहून लिहीत आहोत. लोणावळ्याच्या उत्तरेस, राजमाचीच्या वाटेवर असलेले हे ठिकाण धुक्यासाठी व पावसासाठी प्रवाशांस ठाऊक आहे. परंतु आमच्या विषयाचा आरंभही याच परिसरात झाला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. तुंगार्लीच्या लहानशा धरणावरून पाहिले म्हणजे खाली लोणावळे दिसते, आणि जवळच वळवणचा विस्तीर्ण जलाशय आहे. पलीकडे शिरोता आहे. ही पाणी साठविण्याची योजना प्रथम झाली, ती शेतीसाठी नव्हे व पिण्यासाठीही नव्हे. ती झाली मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी.

गिरण्यांची पहिली काटकसर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत. वाफेस कोळसा लागे, आणि मुंबईच्या आसपास कोळसा मुळीच नाही. तो बंगालच्या खाणींतून नाही तर समुद्रापलीकडून आणावा लागे. बरे, आणलेल्या कोळशाचे चीज होत होते काय? एक अजस्र एंजिन एक चाक फिरवी. त्या चाकावरून दोर निघत. दोर मजल्यामजल्यावरील लांबलचक शाफ्ट फिरवीत. आणि शाफ्टावरून कातडी पट्टे एकेका मागास फिरवीत. निम्मे माग बंद असले तरी शाफ्ट फिरतच राही. कोळशातील उष्णतेपैकी अल्पसाच अंश धोट्यापर्यंत पोहोचे. बाकीची धुराड्यातून, वाफेतून व घर्षणातून निघून जाई.

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी, ही कल्पना मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्लिंग यांनी मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली निवर्तले. परंतु त्यांच्या मागे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा येथील वीजघरे चालू झाली. आज या तिघांची मिळून शक्ती ४४७ मेगावॉट आहे.

गिरण्यांत वीज आली तेव्हा केवळ कोळसा वाचला असे नव्हे. प्रत्येक खात्यास, व कालांतराने प्रत्येक यंत्रास, स्वतःची मोटार मिळाली. जे यंत्र चालेल तेवढ्यापुरतीच शक्ती खर्च व्हावी, ही सोय झाली. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. कोळशाचा ढीग महिनाअखेर अंदाजाने मोजला जाई. वीज मात्र मीटरातून येऊ लागली. कोणत्या खात्याने किती शक्ती खाल्ली, हे आकड्यांत दिसू लागले. तंत्र आणि हिशेब या दोहोंची गाठ आपल्या प्रांतातील मोठ्या उद्योगात प्रथम पडली, ती अशी.

एका युनिटाचे मोल

वीज वाचवा असे सांगितले की ऐकणाऱ्यास ते शाळेतील सुविचारासारखे वाटते. कारण वीज डोळ्यांस दिसत नाही. म्हणून आपण तिचे माप पाण्यात करून पाहू. घाटमाथ्यावरून खोपोलीपर्यंत पाणी सुमारे ५०० मीटर खाली पडते. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार लिटर, इतक्या उंचीवरून पडले असता गणिताप्रमाणे १.३६ युनिट शक्ती मिळावी. नळातील घर्षण व यंत्रांतील तूट वजा जाता साधारण १.१५ ते १.२ युनिट हाती येते. म्हणजे एक युनिट विजेसाठी मावळातील सुमारे साडेआठशे लिटर पाणी घाटाखाली सोडावे लागते.

हे पाणी नाहीसे होत नाही, हे खरे. ते पाताळगंगेस मिळते आणि कोकणात उपयोगी पडते. परंतु ज्या पाण्याने एरवी इंद्रायणीतून देहू-आळंदीवरून भीमेस मिळावयाचे, आणि पंढरपुरावरून पुढे जाऊन कृष्णेबरोबर पूर्वसमुद्र गाठावयाचा, ते पश्चिमेकडे वळते. भीमेच्या खोऱ्यातील दुष्काळी तालुक्यांना हे पाणी परत मिळावे, ही मागणी अलीकडे वारंवार होत असते. तिचा निर्णय करणे हा या लेखाचा विषय नाही. विजेच्या प्रत्येक युनिटामागे कोणाची ना कोणाची तहान उभी आहे, एवढेच वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आता एक उदाहरण पाहा. एखाद्या कारखान्यात ७५ किलोवॉटची, म्हणजे सुमारे १०० अश्वशक्तीची एक मोटार आहे व ती वर्षातून ६,००० तास पूर्ण भाराने चालते. तिची कार्यक्षमता शेकडा ९३ आहे. बाजारात शेकडा ९५ ची मिळते. दोन टक्क्यांचे ते काय, असे खरेदी करणारा म्हणतो आणि चार पैसे स्वस्त पडते म्हणून पहिलीच घेतो. परंतु त्या दोन टक्क्यांनी वर्षाकाठी सुमारे दहा हजार युनिट अधिक जातात. आपल्या मापाने हे ८५ लाख लिटर पाणी झाले. ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. त्या हिशेबाने पाच माणसांच्या ८० हून अधिक कुटुंबांचे वर्षाचे पाणी एका मोटारीच्या खरेदीत गेले.

आज महाराष्ट्रातील बहुतेक वीज पाण्यापासून नव्हे, तर कोळशापासून होते, असे कोणी म्हणेल. म्हटले तर त्यामुळे आमचा मुद्दा दुबळा न होता अधिकच बळावतो. औष्णिक वीजघरात कोळशाच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच विजेत रूपांतरित होते, आणि एका युनिटास साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो. अर्थात कारखान्यात एक युनिट वाचले की वीजघरात तीन युनिटांइतकी उष्णता वाचते. उगमाशी केलेल्या काटकसरीहून टोकाशी केलेली काटकसर अशी तिप्पट फळ देते.

यंत्रे काय करू शकतात

कारखान्यांतील विजेचा मोठा हिस्सा मोटारी खातात. आणि त्या मोटारींवर बहुधा पंप, पंखे व हवा दाबणारे कॉम्प्रेसर चालतात. पंपाचा एक नियम आहे. त्याचा वेग कमी केला तर पाणी त्याच प्रमाणात कमी होते, परंतु लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग शेकडा २० ने उतरविला तर शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. असे असता पुष्कळ ठिकाणी पाणी कमी हवे असले म्हणजे काय करितात? पंप पूर्ण वेगाने चालू ठेवितात आणि पुढील झडप अर्धी मिटतात. बैलास पुढून पराणी टोचावी आणि मागून शेपूट ओढून धरावे, तसाच हा प्रकार. मोटारीचा वेग हवा तसा कमी-अधिक करणारी विजेची साधने आता सहज मिळतात व अनेक ठिकाणी थोड्या वर्षांत आपली किंमत भरून काढतात.

मोठ्या भट्ट्यांची गोष्ट याहून मनोरंजक आहे. जालन्याकडे भंगार लोखंड विजेच्या भट्टीत वितळवून त्याच्या बांधकामाच्या सळ्या करण्याचा मोठा धंदा आहे. या धंद्याची जुनी रीत अशी की, भट्टीतून ओतलेल्या तप्त कांबी थंड होऊ द्यावयाच्या, रचून ठेवावयाच्या आणि नंतर लाटण्यासाठी पुन्हा दुसऱ्या भट्टीत घालून लाल करावयाच्या. तव्यावरची भाकरी निववून मग वाढण्यापूर्वी पुन्हा भाजावी, असे कोणती गृहिणी करील? ओतकाम व लाटणे यांची वेळ जुळविली आणि तप्त कांब तशीच पुढे नेली, तर दुसऱ्या भट्टीचे इंधन बहुतांशी वाचते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, यंत्राइतकेच वेळापत्रक कामास येते.

चंद्रपूर जिल्ह्यात ज्याचे मोठे कारखाने आहेत, त्या सिमेंटच्या धंद्यानेही हा धडा गिरविला आहे. पूर्वी चुनखडीचा ओला चिखल करून तो भट्टीत सोडीत. त्यातील पाणी उडविण्यातच बरेचसे इंधन खर्ची पडे. आता कोरडी भुकटी घालतात, आणि भट्टीतून निघणाऱ्या उष्ण वायूंनीच ती आधी तापवून घेतात. त्याउपर उरलेल्या धगीवर वाफ करून वीज निर्माण करण्याची सोयही कित्येक ठिकाणी झाली आहे. साखर कारखान्यांचे उदाहरण तर वाचकांच्या अधिक जवळचे. उसाचे चिपाड पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरांत कसेबसे जाळून टाकीत. उच्च दाबाचे बॉयलर आले, तेव्हा त्याच चिपाडावर कारखाना चालून वर विकावयास वीज उरू लागली. चिपाड तेच, ऊसही तोच. केवळ उष्णतेस नीट कामाला लावले.

हिशेबाची वही

इतके वाचून कोणास वाटेल की, नवी यंत्रे आणून बसविली की काम झाले. आमचे मत तसे नाही. सांख्यशास्त्रात पंग्वंधन्याय म्हणून एक प्रसिद्ध दृष्टांत आहे. पांगळ्यास दिसते पण चालता येत नाही. आंधळ्यास चालता येते पण दिसत नाही. एकाने दुसऱ्यास खांद्यावर घेतले तरच दोघांचा प्रवास होतो. यंत्र चालते, पण त्यास दिसत नाही. व्यवस्थेस दिसते, पण यंत्रावाचून ती जागची हालत नाही.

आमचा एक जुना विद्यार्थी तळेगावच्या बाजूस एका कारखान्यात इंजिनियर आहे. तेथे दाबलेल्या हवेवर चालणारी शेकडो हत्यारे आहेत. दाबलेली हवा ही फार महागडी वस्तू. कॉम्प्रेसरास दिलेल्या विजेचा जेमतेम दहावा-आठवा हिस्सा हत्याराच्या टोकाशी काम म्हणून मिळतो. एका रविवारी सारे खाते बंद असता त्याने कॉम्प्रेसर चालू केला आणि घड्याळ लावून बसला. एकही हत्यार चालत नव्हते, तरी दर दहा मिनिटांत तीन मिनिटे कॉम्प्रेसर हवा भरीत होता. म्हणजे त्याच्या शक्तीचा शेकडा ३० भाग नुसत्या गळतीत जात होता. तो आम्हांस म्हणाला, “गुरुजी, यंत्रांचा आवाज थांबला तेव्हाच नळांची फुसफुस ऐकू आली. सहा दिवस ती होतीच. ऐकणारे कोणी नव्हते.” पुढे शोध केला तेव्हा दोष यंत्रात नव्हता. उत्पादन-खाते म्हणे, गळती बुजविणे दुरुस्ती-खात्याचे काम. दुरुस्ती-खाते म्हणे, कोठारातून सांधे मिळत नाहीत. आणि विजेचे बिल भरणाऱ्या कचेरीस नळ कोठे आहेत हेच ठाऊक नव्हते. बिल साऱ्यांचे होते, म्हणून ते कोणाचेच नव्हते. मग प्रत्येक खात्यास निराळा मीटर बसला, गळक्या सांध्यास लाल चिठ्ठी बांधण्याची रीत पडली आणि चिठ्ठी किती दिवसांत उतरली याची नोंद होऊ लागली. नवे यंत्र असे एकही आले नाही.

एकत्र कुटुंबात राहिलेल्या वाचकांस यात नवल वाटू नये. ज्या घरात कोठीची किल्ली एकीच्या कमरेस असते आणि तांदूळ मापून निघतो, तेथे पंचवीस पाने उठूनही अन्न वाया जात नाही. किल्ली खुंटीवर टांगली की पाच माणसांच्या घरातही तूट येते.

ही गोष्ट इतिहासानेही सिद्ध केली आहे. इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतात तांब्याच्या व कथिलाच्या खाणी होत्या, परंतु कोळसा नव्हता. खाणींतील पाणी उपसण्यास लागणारा कोळसा वेल्समधून जहाजाने येई. जेम्स वॉट याने १७६९ साली आपल्या सुधारलेल्या एंजिनाचा एकाधिकार मिळविला, आणि पुढे त्याने व बोल्टन याने आपले मोल मोठ्या चतुराईने ठरविले. जुन्या एंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आम्हांस द्यावा, अशी त्यांची अट असे. १८११ साली त्याच प्रांतात जोएल लीन याने एक मासिक पत्रक सुरू केले. कोणत्या खाणीच्या एंजिनाने ठराविक कोळशात किती पाणी उपसले, एवढेच त्यात छापलेले असे. आपले एंजिन यादीच्या तळाशी छापले जावे असे कोणत्या इंजिनियरास आवडेल? तीस वर्षांच्या आत तेथील एंजिनांची सरासरी कामगिरी दुपटीहून अधिक वाढली. यंत्रशोधक होतेच, परंतु उघड्या हिशेबाने त्यांस जागे ठेविले.

आपल्या देशातही आता हा मार्ग धरलेला आहे. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला आणि २००२ साली त्याखाली ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. अधिक ऊर्जा वापरणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी परीक्षा उत्तीर्ण झालेला ऊर्जा-व्यवस्थापक नेमावा व ठराविक मुदतीने ऊर्जेची तपासणी करून घ्यावी, असा त्या कायद्याचा दंडक आहे. २०१२ साली पोलाद, सिमेंट, कापड, कागद, खते इत्यादी आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांस एक टन मालामागे किती ऊर्जा वापरावयाची याचे उद्दिष्ट घालून दिले. ज्याने उद्दिष्टाहून अधिक वाचविले त्यास प्रमाणपत्रे मिळावीत, आणि जो मागे पडला त्याने ती विकत घ्यावीत, अशी योजना होती. २०१२ ते २०१५ या पहिल्या फेरीत ८६ लाख टनांहून अधिक खनिज तेलाइतकी ऊर्जा वाचली. २०२३ साली सरकारने कार्बनच्या उत्सर्जनासंबंधी याच धर्तीची बाजारपद्धती जाहीर केली. लीनच्या पत्रकाचे हे वारसच म्हणावयाचे.

काटकसरीचे फळ कोणास?

आता या विषयातील सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. १८६५ साली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एंजिने जसजशी काटकसरी झाली तसतसा इंग्लंडातील कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. शक्ती स्वस्त झाली म्हणून ती अधिक कामांस लागली. म्हणजे काटकसर व्यर्थ काय? आम्हांस तसे वाटत नाही. परंतु वाचविलेल्या शक्तीचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही व वहीही सोडवीत नाही. तो समाजाने सोडवावयाचा असतो.

या प्रश्नाचे मोल मावळ-मुळशीच्या लोकांनी फार लवकर चुकते केले. १९२१ साली मुळशी पेट्यातील मावळ्यांनी आपली भातखाचरे व गावे टाटांच्या धरणाखाली बुडू नयेत म्हणून सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे नेते होते; याच लढ्यातून ते सेनापती म्हणून महाराष्ट्रास ज्ञात झाले. १९२४ पर्यंत तो लढा चालला, माणसे तुरुंगात गेली, आणि शेवटी धरण झालेच. गिरण्यांस वीज मिळाली. त्या गिरण्यांपैकी बहुतेक १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. बुडालेली गावे मात्र वर आली नाहीत. धरण बांधणाऱ्यांनी काहीच भले केले नाही, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईचा धूर त्यांनी कमी केला. परंतु गिरणीतील प्रत्येक उधळलेले युनिट कोणाच्या तरी खाचरातून आले होते, हे गिरणीच्या वहीत कोठेही लिहिलेले नव्हते.

हा केवळ इतिहास नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर व महाराष्ट्र सरकार यांच्यात शिरोता येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या योजनांसंबंधी करार झाला. या योजनांत वीज विपुल असेल तेव्हा पाणी पंपाने वर चढवावयाचे, आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज घ्यावयाची. सूर्यापासून होणारी वीज दिवसाच मिळते. ती रात्रीसाठी राखण्यास असा साठा लागतो, हे आम्ही जाणतो. परंतु या चढउतारात सुमारे पाचवा हिस्सा शक्ती खर्ची पडते, आणि जागा तर लागतेच. म्हणून असे साठे किती मोठे असावेत, हे कारखाने आपली मागणी कोणत्या वेळी करितात यावरही ठरते. पाणी चढविणे, बर्फ करणे, दळणे, अशी जी कामे दुपारच्या उन्हात उरकता येतात, ती संध्याकाळी काढणे म्हणजे डोंगरावर आणखी एक तळे मागणे होय. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी उद्योगांस दिवसाच्या उन्हाच्या वेळी वीज स्वस्त व गर्दीच्या वेळी महाग देण्याचे ठरविले, त्याचे मर्म हेच आहे.

वाचकांपैकी पुष्कळांचे मुलगे, मुली, सुना व जावई पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव अथवा दूरदेशीच्या कारखान्यांत अधिकाराच्या जागांवर आहेत. सुटीत ती घरी येतात, तेव्हा पगाराची व बढतीची चौकशी आपण करितोच. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. तुमच्या कारखान्यात एक टन मालास किती ऊर्जा लागते? गेल्या वर्षी किती लागली होती? आणि तो आकडा कमी करण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे? पहिल्या दोहोंचे उत्तर तत्काळ आले, तर तेथे हिशेब आहे असे समजावे. तिसऱ्याचे आले, तर तेथे कोठीची किल्ली योग्य हाती आहे असे समजावे. आणि तिन्हींस मौन मिळाले, तर आपल्या मुलाबाळांस करण्याजोगे एक मोठे काम तेथे पडून आहे, हे त्यांस प्रेमाने सांगावे.

लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि वर्षभर पुरवावा लागतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण येथील माणसास समजावून सांगावी लागत नाही. तळे थेंबाथेंबानेच रितेही होते, एवढे मात्र कारखान्यांच्या वहीत लिहिले जावे.